मधली पट्टी

खाजाभाई सुतारानं घराची ती नक्कल माझ्या स्टुडिओत आणून ठेवली, तेव्हा मी एका नवरदेवाच्या फेट्यात गुलाबी रंग भरत होतो. परंड्यात फोटो काढण्यापेक्षा त्यात रंग भरण्यावरच माझं पोट जास्त चालायचं. माणूस काळा-पांढरा दिसला की घरच्यांना तो आजारी वाटायचा.

"कल्याणप्पा, सुताराचं काम झालं," खाजाभाई म्हणाला. "काचंचं तुमी बघा."

नक्कल ट्रंकेएवढी होती. वर माळवदाचं सपाट छत, पुढं ओटा, ओट्यावर दोन खांब. माळवद झाकणासारखं उचलता यायचं. आत एकच खोली आणि तिच्यात सुतळीनं विणलेली एवढीशी बाज. पुढच्या भिंतीला खिडकी, तिला दोन काचांची जागा आणि दोन्हींच्या मधोमध लाकडाची एक उभी पट्टी.

आमच्या वेशीबाहेर लिंबाखाली एका पिराचं ठाणं आहे. घरचं माणूस परागंदा झालं तर घराची नक्कल करून तिथं ठेवायची, म्हणजे वाट चुकलेल्याला आपलं घर ओळखू येतं, अशी समजूत. हिंदू ठेवतात, मुसलमान ठेवतात. बहुतेक जण मातीचं खोपटं थापतात आणि मोकळे होतात. मला असल्या गोष्टींचं हसू यायचं. देव असेल तर असो, त्यानं माझ्या डार्करूममध्ये येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

ही नक्कल सायराबीची होती. तिचा एकुलता एक आयुब निजामाच्या राज्यात करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होता. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत "कुर्डुवाडीला जाऊन येतो" म्हणून निघाला, तो गेलाच. निजामाचं राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, नाका उठला, नाक्याच्या जागी चहाचं हॉटेल झालं. सायराबी वाट बघतच राहिली. तिच्या घराला हिरव्या काचांची खिडकी होती, गल्लीत तेवढी एकच. गडबडीत काचा फुटल्या आणि भीतीपोटी तिनं खिडकी दगडमातीनं बुजवून घेतली. आता पोरगं गल्लीत आलं तर कोणत्या खुणेनं घर ओळखणार, हा तिचा घोर.

"हिरवी काच लाव, अप्पा," ती मला म्हणाली. "पर आरपार दिसाया पायजे. त्याला आत दिसलं न्हाय तर काय उपेग?"

"पतंगाचा हिरवा कागद लावू की, चाची. उजेड झकास येतो."

"उजेड नको मला. मला दिसणं पायजे."

काचेला रंग देणं सोपं. रंग देऊनही पलीकडचं दिसणं, ही खरी गोम. मी आधी तेलरंग लावून पाहिला, काच भिंतीसारखी झाली. व्हार्निशात रंग कालवला, तर मोतीबिंदूच्या डोळ्यासारखा धुरकट थर बसला. डिंकात कालवलेला रंग वाळल्यावर तडकला. शेवटी उपाय आठवला तो माझ्याच धंद्यातला. फोटोच्या काचेवर, म्हणजे प्लेटवर, जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यातलं चित्र औषधानं धुऊन काढलं की थर पाण्यासारखा नितळ उरतो आणि रंग पिऊन घेतो. रंग वर बसत नाही, आत मुरतो. काच हिरवी होते आणि दिसायचं काही कमी होत नाही. जपायचं एवढंच, की थर ओला असताना बोट लागू द्यायचं नाही. ठसा उठतो आणि तो कायमचा.

माझ्याकडं धुण्याजोगी प्लेट नव्हती. सोलापूरहून मागवू म्हणालो, तर सायराबीनं दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळलेली एक प्लेट माझ्यापुढं ठेवली. उजेडाकडं धरली. कोटातला आयुब उभा होता. निगेटिव्ह असल्यानं तोंड काळंठिक्कर आणि केस पांढरेशुभ्र.

"चाची, ही धुतली तर तो जाईल. दुसरा फोटो आहे का त्याचा?"

"न्हाय."

"मग आधी कागदावर छापून तरी देतो."

"कागदावर नको. कागदावर आला की संपला." तिनं प्लेट माझ्या हातातून घेतली आणि निरखून पाहिली. "ह्याच तोंडाची सवय झालीया मला. खरं तोंड आठवंना. येवढ्या वर्सांत केस असेच पिकले असतील, न्हाय का? काचंत हाय तवर तो ना मेला, ना जिता. त्याला घरात येऊ दे, अप्पा."

मी प्लेट औषधात सोडली. आधी कोट विरला, मग हात. सगळ्यात शेवटी तोंड गेलं. मी ती हिरव्या रंगात बुडवली, सावलीत उभी करून वाळवली, हिऱ्यानं कापली आणि जिलेटिनची बाजू आत ठेवून डावीकडं बसवली. एका प्लेटीत एकच काच निघाली. उजवीकडं तात्पुरती साधी काच लावली.

काम सुरेख झालं होतं. मी ओणवा होऊन हिरव्या काचेतून आत पाहिलं. खोली, बाज, मागची भिंत, सुतळीची वीणसुद्धा दिसत होती. भिंतीपाशी एक उभी सावली होती.

चित्र नीट धुतलं गेलं नाही, असं मला वाटलं. काच काढून पांढऱ्या कागदावर ठेवली, भिंग लावलं. डाग नाही की रेघ नाही. परत बसवली. सावली बाजेजवळ आली होती.

खाजाभाईला बोलावलं. त्यानं साध्या काचेतून पाहिलं, मग हिरव्या काचेतून पाहिलं. मग माळवद उचलून आत हात फिरवला.

"कोण बसलंय?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच काहीतरी ठेवलं असेल."

"बाज म्या रिकामीच ठेवली व्हती," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला. चहा नाकारलेला खाजाभाई मी त्याआधी पाहिला नव्हता.

सायराबी आली. तिला सांगावं लागलं नाही. गुडघे टेकून ती बराच वेळ हिरव्या काचेला डोळा लावून बसली. मला वाटलं, रडेल, हसेल, काहीतरी करेल.

"उठला," ती म्हणाली. "हुडकतोय."

"काय?"

"बाजंखाली बघितलं. दारामागं बघितलं." तिनं डोळा काचेपासून बाजूला घेतला. चेहरा मातीसारखा झाला होता. "घर गावलं रं त्याला. घरात मी न्हाय."

मी तिला नाना परीनं समजावलं. काचेत लहर असते, उजेड वाकतो, डोळे थकतात. तिनं ऐकून घेतलं, जसं लहान लेकराचं ऐकतात.

"दुसरी काच ऱ्हायलीया ना? माझा फोटो काढ. अन् धू."

उजव्या काचेसाठी सोलापूरहून मागवलेल्या प्लेटा आल्या होत्या. नाही म्हणायला हवं होतं का? मी शिकलेला माणूस, नाही म्हणायला माझ्याकडं कारणच नव्हतं. सकाळच्या उजेडात तिला खुर्चीवर बसवलं. ती अजिबात हलली नाही. निघताना दारात थांबली आणि नकलेच्या खिडकीकडं बोट करून म्हणाली, "ही पट्टी असू दे. आमच्या खिडकीला व्हती. त्याच्याबिगर तो वळखायचा न्हाय."

दुपारी मी तिची प्लेट धुवायला घेतली. पदर गेला, खुर्ची गेली, मांडीवरचे हात गेले. तोंड मात्र जाता जाईना. औषध दुसऱ्यांदा घातलं, तेव्हा गेलं.

हिरवी काच अजून ओलीच होती, तोच शेजारची जमिलाबी धावत आली. सायराबी आपल्या घरात, बुजवलेल्या खिडकीकडं तोंड करून बसल्या जागी गेली होती. कितीच्या सुमाराला, ते मी विचारलं नाही. मला जुळवून पाहायचं नव्हतं.

दफन झाल्यावर जमिलाबी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अप्पा, तुमच्या दुकानात तिनं रंगात हात घातला व्हता का? आंघोळ घालताना बोटं हिरवी व्हती. लई घासली, जाईना."

सायराबी माझ्या रंगाच्या जवळसुद्धा गेली नव्हती. रंग मी ती दुकानातून निघून गेल्यावर कालवला होता.

दुसरी काच बसवून खाजाभाई आणि मी नक्कल पिराच्या लिंबाखाली ठेवून आलो. ठेवताना दोघांनीही आत पाहिलं नाही. तिचं मागणं पुरं झालं, दोघं एका घरात आली, असं मी मनाला सांगत राहिलो. त्या एका गोष्टीवर मी बरेच महिने काढले.

हुरड्याच्या दिवसांत त्या बाजूच्या शेतावर जाणं झालं. परतताना उन्हं अजून चांगली होती. लिंबाखाली थांबलो. नक्कल शाबूत होती. मी ओणवा झालो.

डाव्या काचेतून पाहिलं. पांढऱ्या केसांचा माणूस खोलीभर फिरत होता, एकटा.

उजव्या काचेतून पाहिलं. म्हातारी बाजेवर बसली होती, एकटी.

परत डावीकडून पाहिलं. बाज रिकामी.

तीच खोली, तीच बाज. मी माळवद उचललं. आत कोणी नव्हतं.

मग काचांवर तिरपं ऊन पडलं, आणि आतून, जिलेटिनच्या बाजूला, काहीतरी चमकलं. खिशातलं भिंग काढलं. खसखशीएवढे बोटांचे ठसे होते. बाकी काच स्वच्छ. सगळे ठसे मधल्या पट्टीच्या कडेला, डावीकडं खालपासून वरपर्यंत, उजवीकडंही खालपासून वरपर्यंत. दोघंही एकमेकांना चाचपत होती.

मी चाकू काढला. पट्टीच्या फटीत टोक घातलं आणि हळूच दाबलं. दोन्ही काचा एकदम हलल्या. काचांच्या खाचा खाजाभाईनं त्या पट्टीतच पाडल्या होत्या. पट्टी निघाली तर दोन्ही पडणार.

मी चाकू मिटला. अजूनही अधूनमधून जातो, भिंग घेऊन. थर केव्हाच वाळला आहे, त्यावर आता ठसा उठायला नको. पण ठसे वाढतातच, आणि पट्टीच्या कडेचा हिरवा रंग दोन्ही बाजूंनी झिजत चालला आहे.