सतराव्या पानावरचं नाव

"मॅडम, तुमचा चष्मा डावीकडे कलतोय."

सरकारी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी येऊन कोणी असं बोलायची रीत नव्हती. लोक तिथे यायचे ते कपाळाला आठ्या घालूनच. तिने मान वर केली. पलीकडे एक तरुण... भिजलेला शर्ट, हातात अर्ज, आणि नजर थेट तिच्या नाकावर!

"अर्ज बघू," ती तुटकपणे म्हणाली.

"आधी चष्मा बघू. चष्म्यांचं दुकान आहे माझं, एक मिनिटाचं काम."

खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढून त्याने स्क्रू आवळलासुद्धा. चष्मा परत देताना बोटं टेकली, न टेकली... आणि बाईसाहेबांना समोरचा अर्ज दोनदा वाचावा लागला.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र तिचं हसू मावळलं. अठरा वर्षांपूर्वी नदीत प्रवाशांची लाँच बुडाली होती. एकतीस माणसं गेली, त्यात याची आई. हा तेव्हा दहा वर्षांचा. चौकशीचा अहवाल त्याने यापूर्वी दोनदा मागितला होता आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं: गोपनीय, देता येत नाही.

"आता नियम बदललेत," ती म्हणाली. "जुने अहवाल कोणालाही मागता येतात. पण फाइल शोधावी लागेल. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवस कुठले! गडी तिसऱ्या दिवशी हजर.

"सापडली?"

"इतक्यात? इथे आत माणूस हरवला तरी महिनाभर सापडायचा नाही."

"मग मला हरवू द्या की."

"आत वाळवी आहे."

"असू दे. तुम्हीही आहात ना आत!"

त्या कुबट, ओल धरलेल्या खोलीत ती खुदकन हसली. मग तो दर दोन दिवसांनी येऊ लागला. पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून ऑफिस सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत एकच छत्री. आता छत्री दोघांकडेही होती, पण ते जाऊ दे.

एकदा चालता चालता तो थांबला. म्हणाला, "मला कोणाला फासावर नाही चढवायचं हो. पण आई का गेली, ते कोणीतरी नाव घेऊन सांगावं... 'दुर्दैवाने' हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत."

फाइल सापडली त्या दिवशी तिला वाटलं, धावत जाऊन सांगावं. मग तिने सतरावं पान वाचलं. लाँचचा तळ गळका होता, पण तिच्यावर पाऊलही न ठेवता, कचेरीत बसून, ती सुस्थितीत असल्याचा दाखला दिला गेला होता. खाली तपासनिसाचं नाव होतं. शिक्षा काय, तर एक वेतनवाढ रोखली.

ते नाव तिच्या बाबांचं होतं.

बाबा कधीच होडीत बसायचे नाहीत. पुलावरून तीन मैलांचा वळसा घालतील, पण होडी नाही. पाण्याला घाबरतात, असं ती लहानपणापासून समजत आली होती. त्या संध्याकाळी तिने त्यांना औषध दिलं, पाणी दिलं आणि विचारलं काहीच नाही.

नव्या नियमांतला एक बदल अजून लागू व्हायचा होता. एक तारखेपासून अधिकाऱ्यांची नावं झाकायची नव्हती. तोवर जुनीच पद्धत — प्रत देताना नावावर काळी पट्टी. ती मारायचं काम तिचंच. आणि एकदा प्रत नेली की अर्ज निकाली, त्याच अहवालासाठी पुन्हा अर्ज करता येत नसे.

"महिनाअखेर आली, ते लाँचचं प्रकरण संपवा एकदाचं!" साहेब ओरडले. तिने पट्टी मारली, पाकीट तयार केलं. अठ्ठावीस तारखेला तो आला. पाकीट पाहून त्याने हात पुढे केला.

नुसतं पुढे सरकवायचं होतं. त्याला जन्मात कळलं नसतं. बाबा सुखाने राहिले असते, आणि हाही तिचा झाला असता!

"आज नेऊ नका," ती म्हणाली.

"का हो? आणखी चार दिवस मला बघायचंय वाटतं?"

"हो... तेही आहे." तिने पाकीट आपल्याकडे ओढलं. "पण आज नेलंत तर नाव झाकलेलं मिळेल. एक तारखेला या."

एक तारखेला तो सकाळीच आला. नव्या प्रतीवर हात ठेवून ती म्हणाली, "सतराव्या पानावर एक नाव आहे. तुम्ही वाचण्याआधी मीच सांगते... ते माझे बाबा आहेत."

आधी त्याला थट्टाच वाटली. मग त्याने तिथेच, उभ्या उभ्या, ते पान वाचलं. मागे रांगेतली माणसं कुरकुरू लागली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आठवडा झाला."

"पट्टी राहू दिली असती तर मला पत्ताही लागला नसता."

"मला लागला होता ना! रोज तुमच्यासमोर बसून जेवले असते मी... ते सगळं पोटात ठेवून."

ती काय बोलून गेली, ते दोघांनाही एकदमच समजलं. त्याचे डोळे भरून आले. "माझ्याही मनात तेच होतं," तो कसाबसा म्हणाला. मग पोचपावतीवर सही करून त्याने पाकीट उचललं. "रविवारी मला त्यांना भेटायचंय." आणि मागे न बघता गेला.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, रविवारी एकजण येणार आहे."

बाबांचा चेहरा उजळला. "मुलगा? अगं, मग आधी नाही का सांगायचं! करतो काय?"

"चष्म्यांचं दुकान आहे."

"वा! घरी कोण कोण असतं?"

"वडील असतात. आई... त्या लाँचमध्ये होती, बाबा."

बाबा चाचपडत खुर्चीत बसले.

"तुला आवडतो?" तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"खूप," म्हणताना तिला रडू फुटलं. "पण तो माझ्यासाठी येत नाहीये, बाबा. तुमच्यासाठी येतोय."