नग वेगळे, माप वेगळं

खऱ्या प्रेमाला किती जागा लागते, हे कोणालाच सांगता येत नाही. मुबीनला येत होतं. कॉम्प्युटरकडे मेमरीत किती जागा मागायची, हा हिशेब मांडणं हेच त्याचं काम. खाणीतली धूळ मोजणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर तो लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा, चंद्रपुरात मात्र लोक विचारत, "ट्रक कोणता?"

वरोऱ्याहून सुटलेल्या बसमध्ये, काचेवरून काळपट पाणी ओघळत असताना, शेजारी खिडकीशी बसलेली मुलगी त्याच्या लॅपटॉपकडे बघत म्हणाली,

"काऊन गुणाकार करून राह्यले?"

"अं… नोंदी किती, गुणिले एकेकीचं माप. तेवढी जागा मागतो."

"अन् आकडा लय मोठा झाला तर? स्कूटरच्या मीटरसारखा फिरून शून्यावर येते तो. मग मागान वाटीभर, अन् ओतान पोतंभर."

ही सायमा, कॉम्प्युटरचंच शिकलेली. तिचे अब्बा, नवाबभाई, शिंपी. गिऱ्हाइकानं स्वतः हिशेब करून आणलेलं कापड ते परत पाठवत. म्हणत, "नग वेगळे सांगा, माप वेगळं सांगा. गुणाकार मी करतो. नाई जमलं तर तोंडावर नाई म्हणतो."

"कॉम्प्युटरातही तशी तयार सोय आहे," सायमा म्हणाली. "दोन आकडे वेगळे द्या. गुणाकार हाताबाहेर गेला तर ती सरळ नाई म्हणते. तुम्ही फक्त नकार पचवायची ओळ लिहा."

"नकार… पचत नाई मले."

"सवय करा —" ती हसली.

ते हसू मुबीननं जपून ठेवलं. रोज तीच बस, तेच बाक. दोन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. मनातल्या मनात तो गुणत राहिला: फेऱ्या गुणिले हसू, गुणिले ओढणीचं ओलं टोक.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "सोमवारपासून बंगळूर. नोकरी लागली… तुले काही बोलायचं होतं?"

त्याला अख्खा जन्म मागायचा होता. आकडा इतका मोठा झाला, की फिरला.

"आज… खिडकीची जागा देशील?"

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठली. तो सरकला.  चंद्रपूरला उतरताना ती म्हणाली,

"गुणाकार मी केला असता ना, मुबीन."

रविवारी त्यानं ड्रायव्हर दुरुस्त केला. गुणाकाराची एक ओळ गेली, नकार पचवायची धरून तीन आल्या. दुरुस्ती कोणी तपासायची, त्या रकान्यात सायमाचं नाव आहे. धूळ आता बरोबर मोजली जाते.