डाव्या बाजूची हवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी घरात काढत नाही, माझ्या बायकोला, अंजलीला चालत नाही.

आमचं काम साधं. शेततळ्यात काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात ना, त्याचे जोड मारायचे, कुठं उंदरानं कुरतडला, कुठं बकरीचा खूर लागून फाटला, तर ठिगळ लावायचं. जळोचीत घराला लागूनच आमची शेड आहे. गरम हवेचं मशीन मी धरतो, कागद अंजली ताणून धरते. लग्न झाल्यापासून दोघांचं असंच चाललंय. त्यामुळं त्या दिवशी सकाळी रणजित नावाच्या कुणा अनोळखी माणसाचा फोन आला तेव्हा त्यात मला वेगळं काही वाटलं नाही.

“भाऊ, रबरी होडी दुरुस्त हुईल का तुमच्याकडं?”

“कागदासारखंच असतं ते. घेऊन या शेडवर.”

तो म्हणाला, “होडी हितनं हलवता येत न्हाय. तुमालाच यावं लागंल.”

मे महिना होता. सामान गाडीत टाकून आम्ही दोघं निघालो. भवानीनगरला कारखान्याचा हंगाम कधीच संपलेला, चिमणीतून धूर नाही, रस्त्यावर उसाची एक गाडी नाही. वरकुट्याच्या पुढं डांबरी संपली आणि धरणाच्या फुगवट्याचा वास यायला लागला. पाणी मागं सरकलं की उघडा पडलेला गाळ उन्हात तापतो, त्यात मेलेले मासे, शेवाळ… तो वास कपड्यांत बसतो.

रणजित बांधावर उभा होता. तिशीच्या आतला, ओठ उन्हानं फुटलेले. त्यानं आधी पाण्याकडं बोट केलं. लांबवर पिंपांवर बांधलेला तराफा दिसत होता, त्यावर पाण्याची मोटार.

“पाणी रोज खाली चाललंय. मोटार आजउद्या आत सरकवली न्हाय तर गाळात बसंल. वस्तीचं प्यायचं पाणीसुदीक तिच्यावरच हाय. आन् तितवर जायाला ही एकच होडी.”

“नवीनच का घेत नाही?” अंजलीनं विचारलं.

“मागवलीय. पुण्याहून यायला येळ लागतुय. तवर आमी काय गाळ प्यायचा?”

होडी घराशेजारच्या पत्र्याच्या छपरात, पोत्यांवर ठेवलेली होती. होडी म्हणजे दोन बाजूंना हवेच्या दोन जाड नळ्या आणि मध्ये तळ. उजवी नळी पार बसली होती, तळाला भेगा पडलेल्या. आणि डावी… डावी टणटणीत. तिच्यावर कुणीतरी गोधडी पांघरली होती, आणि गोधडीवर हात ठेवून एक म्हातारी बसली होती.

“आमची आई,” रणजित म्हणाला. आवाज त्यानं आपोआप खाली घेतला होता.

म्हातारीनं, ठमाबाईंनी, आमच्याकडं बघितलं. “उजवीकडचं काय करायचं ते करा. तळाचं करा. हिकडं हात लावू नका.”

“का हो मावशी?” अंजली खाली बसत म्हणाली.

“ह्यात माझ्या लेकाचा वारा हाय.”

रणजितनं मला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. मानसिंग त्याचा थोरला भाऊ. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मोटारीत गवत अडकलं म्हणून तो होडी घेऊन निघाला. होडीची डावी बाजू जरा मऊ वाटत होती आणि पंपाची नळी फाटलेली, म्हणून त्यानं बूच उघडलं, उरलेली हवाही निसटली, आणि ती सगळी बाजू त्यानं तोंडानंच भरली. रणजित तिथंच होता. भाऊ मध्येच हसत म्हणाला होता, छाती फुटती की काय रं. दुपारी होडी एकटीच काठाला लागली. माणसं पाण्यात उतरली, गळ टाकले, जाळी ओढली, सरकारी पथकही येऊन गेलं. मानसिंग सापडला नाही.

“आईनं क्रियाकर्म करू दिलं न्हाय,” तो म्हणाला. “ती म्हणती, त्याचा श्वास अजून हितं हाय. तवा तो न्हाय कसा म्हणायचं…”

मला त्या बाईची दया आली. दुसरं काही वाटलं नाही.

काम सुरू केलं. उजव्या नळीचं जुनं ठिगळ सोलून काढलं, पॉलिश पेपरनं घासलं, नवं बसवलं. सोपं होतं. मग छिद्रं शोधायला अंजलीनं साबणाचा फेस सगळीकडं फिरवला. फिरवता फिरवता ती गोधडीपाशी पोचली, थांबली, आणि हळूच तिनं डाव्या नळीवर हात ठेवला.

“अहो…” ती म्हणाली. “इकडं या जरा.”

मीही हात ठेवला. फेसाचा एक बुडबुडा कुठं उठत नव्हता. पण हवेची वस्तू दिवाळीपासून मेपर्यंत अशी टणक राहत नाही. जरा तरी बसतेच. आणि तळव्याखाली ती नळी हलत होती. जेमतेम. वर… खाली… वर… मी मनाशी म्हटलं, पत्रा तापलाय, आतली हवा फुगतेय. पण ताप धरला तर फुगेल, खाली कशी येईल?

ठमाबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. “कळलं नव्हं?” एवढंच म्हणाल्या.

अडचण तळाची होती. तळ जिथं डाव्या नळीला चिकटवलेला असतो तो जोड हातभर उसवला होता. नळी फुगलेली असताना त्या फटीत मशीनचं टोक जात नाही, आणि भरलेल्या नळीला गरम हवा दिली तर ती फाटते. मी रणजितला बाजूला घेऊन तेच सांगितलं. हवा काढल्याशिवाय हा जोड बसणार नाही.

“नवी येईपर्यंत थांबा ना,” अंजली म्हणाली. “कसंही करा, पण ती हवा नका काढू.”

“वैनी, तुमीसुदीक?” रणजित थकून म्हणाला. “दिवाळीपास्नं आमच्या घरात कुणी नीट जेवलेलं न्हाय. ती रातध्याड हितंच बसती. मी होडीत भाऊ धरून ठिवू का आई जगवू?”



दुपार कलायला लागली तशी ठमाबाई उठल्या. “चहा टाकते,” म्हणाल्या. जाताना गोधडी नीट सारखी केली. त्या उंबरा ओलांडून आत गेल्या आणि रणजितनं गोधडी बाजूला ओढली. मी काही म्हणायच्या आत त्यानं डाव्या नळीचं बूच फिरवून काढलं.

भरलेल्या नळीचं बूच काढलं की हवा फस्सकन सुटते, सलग, एका दमात. मी रोज ऐकतो तो आवाज.

ही तशी सुटली नाही.

ती आली… आणि थांबली. मग पुन्हा आली… पुन्हा थांबली. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी तोंड नेलं की लागते, तशी. ओलसर. मी वाकलो होतो, माझ्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. मे महिन्याच्या त्या उन्हात. आणि वास आला. रबराचा नाही, बंद हवेचा नाही. लसणाच्या चटणीचा, भाकरीचा. आत्ताच जेवून उठलेल्या माणसाचा.

रणजितचा चेहरा पांढरा पडला. “त्या दिशी सकाळी… चटणी-भाकरीच खाल्ली हुती त्यानं…”

नळी सपाट होत चालली होती. पण हवा येतच होती. एवढ्या नळीत मावेल त्याच्यापेक्षा जास्त, आणि आता घाईघाईनं, मध्ये न थांबता, धाप लागल्यासारखी.

“बंद करा,” अंजली म्हणाली. “बंद करा ते…”

बूच रणजितच्या हातातून पोत्यांत पडलं. ते दिसेना. तेव्हा मी पुढं होऊन भोकावर तळहात दाबला. आतली हवा आत राहावी म्हणून. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

हवा बाहेर यायची थांबली. क्षणभर काहीच नाही. आणि मग माझा तळवा आत ओढला गेला. बाहेर नाही, आत. ती नळी हवा मागत होती. एकदा जोरात. मग त्याहून हळू. मग इतकं हळू, की मला भास वाटला. मी हात काढला तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. नुसतं रबर.

तळव्यावर गोल लाल वळ उठला होता.

मागं कपबशांचा आवाज झाला. ठमाबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या छाती बडवतील. त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला, सपाट नळीकडं बघितलं, मग रणजितकडं.

“काढली?” त्या म्हणाल्या.

रणजितनं मान हलवली.

“आता बिगी बिगी दुरुस्त करा. तो वर यील.”

मी ते काम कसं केलं, मला सांगता यायचं नाही. जोड मारला, तळाला ठिगळं लावली, आमच्या पंपानं दोन्ही बाजू भरल्या.  होडी पाण्यात सोडली तेव्हा दिवस मावळायचा होता, पाण्यावर पिवळं ऊन पडलं होतं. रणजितला वल्हं धरवत नव्हतं म्हणून मी बरोबर बसलो. अंजली आणि ठमाबाई काठावर, गाळाच्या कडेला उभ्या.

तराफा जवळ आला. पाणी अगदी स्थिर. मोटारीच्या पाइपाशेजारी आधी एक सदरा फुगून वर आला. निळा. मग खांदा. मग त्यानं आमच्याच बाजूला कूस बदलल्यासारखं केलं आणि तोंड वर झालं.

“दादा…” रणजित म्हणाला. तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की मला वाटलं, तोंड वर केलेला तो माणूस आता ‘काय रं’ म्हणणार.

पाण्यातली माणसं मी पाहिलेली आहेत. शेततळ्यांत दर उन्हाळ्याला कुणी ना कुणी जातं, निसरड्या कागदावर उतरायची सवय म्हणून आमचीच बोलावणी होतात. दोन दिवसांत माणूस ओळखू येत नाही. आणि दिवाळीपासून पाण्यात असलेल्या मानसिंगच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. कातडी जिवंत माणसाची होती. मी मनगट धरून त्याला आत ओढलं. कोपर सहज वाकलं. फक्त दाढी वाढलेली होती, गळ्यापर्यंत.

“दादा कधी दाढी ठिवत नव्हता,” रणजित म्हणत राहिला. “कधीच न्हाय, कधीच न्हाय…”

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, मयत तालुक्याला नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला आणि रणजितला आत बोलावलं. शांत माणूस होता. हात पुसत पुसत त्यानं विचारलं, “कधी बुडाले म्हणालात?”

“दिवाळीच्या मागनं,” रणजित म्हणाला.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. “मी दोनदा बघितलं. हा माणूस काल दुपारी गेलाय. आणि बुडून नाही. फुफ्फुसात पाण्याचा थेंब नाही. गुदमरलाय. श्वास घ्यायला हवा मिळाली नाही.”

  माझी मूठ मिटलेली होती आणि ती मला उघडवत नव्हती.

ठमाबाईंना हे आम्ही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मयत वस्तीवर आणली, अंगणात पाटावर घेतली, पाणी तापवलं. भावकीतली माणसं हात लावायला कचरत होती, म्हणून मी आणि रणजितनं अंघोळ घातली. म्हातारी उशाशी बसून तांब्यानं पाणी सोडत होती. त्या दोन दिवसांत तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीतीही नव्हती. लेक परत आला होता, तिच्या लेखी तेवढं पुरे होतं.

मग हात धुवायला म्हणून तिनं त्याचा पंजा आपल्या मांडीवर घेतला. अंगठा चोळला, एकेक बोट चोळलं. आणि मध्येच तिचा हात थांबला. तिनं तो पंजा उजेडाकडं धरला, डोळ्यांजवळ नेला. दुसराही ओढून बघितला. तांब्या कलंडून पाणी अंगणभर गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

मीही वाकून पाहिलं. दाढी एवढी वाढली होती. नखं मात्र नुकतीच काढलेली होती. दहाही बोटांची. बारीक, गोल, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, लहान लेकराची काढतात तशी.

ठमाबाई मागं सरकल्या. पोटच्या पोरापासून लांब, हात पदरात लपवत, भिंतीला पाठ लागेपर्यंत. घाबरलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

“रणजित,” त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “ह्याची नखं… कुणी काढली रं?”