सिंह आणि भुंगा

"मन्ही पोर चोर नही शे, ताई!"

दारातून आत येता येताच चिमाबाईंनी हे ठणकावून सांगितलं आणि मगच त्या खुर्चीवर टेकल्या. त्यांची मुलगी ममता मागे भिंतीला चिकटून उभी राहिली. खडोलीच्या कारखान्याचा निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता.

किलवणी नाक्यावर टायरच्या दुकानावरच्या माळ्यात भारती कारखानीस यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. पूर्वी त्या कारखान्यांत मालाची तपासणी करायच्या. आता माणसांची करतात आणि माणसांत खोट जास्त निघते असं त्यांचं मत आहे. सोबतीला निवृत्त इंजिनिअर मुकुंद देवस्थळी असत. मशीन बिघडलं की मुकुंदरावांना आवाजावरून कळायचं, माणूस बिघडला की मात्र सगळ्यांत शेवटी.

आज मुकुंदराव खुर्चीत जरा जास्तच खाली सरकले होते.

"तुम्ही ओळखता हिला?" भारतीबाईंनी विचारलं.

"आमच्या 'कॅमेरा कट्ट्या'ची भानगड आहे," मुकुंदराव पुटपुटले. "हिला काढून टाकायच्या बाजूनं मीही मत दिलंय."

कॅमेरा कट्टा हा सिल्वासातल्या हौशी कॅमेरेवाल्यांचा ऑनलाइन ग्रुप. एके काळी तिथे लेन्सवरून रणं माजत. आता फोननं सगळ्यांचीच हौस भागते, त्यामुळे कट्ट्यावर फुलांच्या फोटोंखाली सुप्रभात तेवढं उरलं होतं. कट्ट्यात जीव यावा म्हणून त्याचे प्रमुख नारायण खांबेटे यांनी यंदाची व्हिडिओस्पर्धा पहिल्यांदाच फोनवाल्यांनाही खुली केली. विषय होता वासोण्याची सिंह सफारी. जिंकणाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या सुरक्षाफिल्म बनवायचं काम मिळणार होतं.

आणि एकच व्हिडिओ दोघांच्या नावानं आला. एक ममता, दुसरा वरुण चिटणीस. वरुण मुंबईचा इंजिनिअर, कट्ट्यावरचा सगळ्यात महागडा कॅमेरा त्याचा.

"मूळ फाइल कुठे आहे?" भारतीबाईंनी ममताला विचारलं.

"वरुणसर कँटीनमधे बोलले, रंग सुधारून देतो. त्यांनी माझा फोन लॅपटॉपला लावला. नंतर बघते तर माझी क्लिप गायब, त्यांनी सुधारलेली तेवढी होती. मी तर थँक्यू पण बोलले."

"ते थँक्यू कट्ट्यावर सगळ्यांनी वाचलंय," मुकुंदराव म्हणाले. "आणि नारायणरावांना तू काय सांगितलंस तेही ऐकव की."

ममतानं फोन पुढे धरला. तिचाच रडवेला आवाज आला, "नारायणसर, मी खोटं नाही बोलत. वरुणसरांच्या बाजूला बसून मीच तो व्हिडिओ उतारला."

"बघा! स्वतः कबूल करतेय."

"हो, मीच! तेच तर किती वेळा सांगू?"

"आणि वर तोरा पाहा!" मुकुंदराव थक्क झाले. नारायणरावांनी कट्ट्यावर लिहिलंच होतं, की ममतानं वरुणचा व्हिडिओ उतरवून घेतल्याची कबुली दिली आहे. मूळचे पुण्याचे नारायणराव तिच्या कारखान्याचे मॅनेजरही होते. सोमवारपर्यंत माफी मागितली नाही, तर कामावर येऊ नको, असं त्यांनी बजावलं होतं.

भारतीबाईंनी तो निरोप पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या, "व्हिडिओ दाखवा."

सागाच्या झाडाखाली सिंह. तो उठतो, बसकडे येतो, जाळीपाशी थांबून भलीमोठी जांभई देतो. लख्ख जीभ, लख्ख दात. मग तो थेट आपल्याकडे पाहतो, कुठेतरी घर्र घर्र असा आवाज येतो आणि चित्र एकदम तुटतं.

"वरुणनं नाव काय ठेवलंय माहीत आहे? 'सिंह आणि भुंगा'! एवढा जंगलचा राजा आणि त्याला हैराण करणारा एवढासा भुंगा. कल्पना बघा!" मुकुंदरावांना राहवलं नाही.

ममता खाली बघत राहिली. चिमाबाईंना मात्र भुंग्याशी काही देणंघेणं नव्हतं. "मी सांगे, नको जाऊ तठे. जीव लागना नही म्हनीसन फोन लावा, तर 'माय, सिंह शे समोर, नंतर बोलस' आसं म्हने नि कापी टाका! आते हाई निस्तरा."

"निस्तरू," भारतीबाई म्हणाल्या. "माफी मात्र मागायची नाही."

वरुणचा आमलीतला फ्लॅट फ्रिजसारखा गार होता. काचेच्या कपाटात कॅमेरे आणि लेन्स ओळीनं मांडलेल्या.

"यांना मी बाहेरची हवा लागूच देत नाही," तो कौतुकानं म्हणाला. "घरात एसी, गाडीत एसी. त्या दिवशीसुद्धा बॅग उघडली ती थेट सफारीच्या बसमध्ये, सिंह समोर आल्यावर. फोनवाल्यांना हे कळायचं नाही."

"कार्ड आहे?"

"पुसून दुसऱ्या कामाला घेतलं."

"ममताकडे व्हिडिओ कसा गेला?"

"शिकायला म्हणून दिला मीच. चांगुलपणाचं हे फळ."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. दाट पांढुरक्या धुक्यात, जाळीपलीकडे, जांभई देणारा सिंह. खाली लिहिलं होतं, 'धुक्यातला राजा'.

"याच दिवशीचा ना हा? काय मूड पकडलाय!" मुकुंदरावांनी मान डोलावली. "कट्ट्यावर मी तीनदा वा म्हटलं होतं."

"तीच जांभई. आधी एक फोटो घेतला आणि लगेच व्हिडिओ चालू केला."

भारतीबाईंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. निघताना सहज विचारलं, "भुंगा तुम्हाला दिसला होता का हो?"

"दिसला म्हणजे काय! आयाळीभोवती घिरट्या घालत होता. काळाभोर."

तिथून दोघं रमाकांतभाऊंच्या स्टुडिओत गेले. स्पर्धेचे परीक्षक तेच. सिल्वासातच जन्मलेले, आणि फोनचं नाव काढलं की भडकणारे.

"फोनवाल्यांना आत घेतलं तेव्हाच कट्ट्याचं पाणी पातळ झालं! माझ्या बापापासून आम्ही इथली लग्नं उतारतोय. आता नवरीचा मामा फोन घेऊन माझ्या पुढे उभा राहतो. माझ्या फ्रेममध्ये त्याची पाठ!"

"म्हणजे ममताचं नाव कळल्यावर तुम्ही निकाल फिरवला?"

"मी?" रमाकांतभाऊ उसळले. "मला नावं दाखवलीच नव्हती. मी क्लिप पाहिली आणि पहिला नंबर दिला. सिंह हातभर अंतरावर आणि हात जरासुद्धा हलत नाही. ज्यानं धरलाय त्याला माझा नमस्कार. पुढचा तंटा नारायणरावांनी मिटवला. त्या पोरीनं काय कबूल केलं ते मी ऐकलेलं नाही, ऐकायचंही नाही."

"रविवारी ऐकाल," भारतीबाई म्हणाल्या.

वासोण्याच्या सफारीची बस म्हणजे चाकांवरचा पिंजरा. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि मुकुंदरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"स्पर्धेच्या दिवशी हवा कशी होती?" भारतीबाईंनी गाइडला विचारलं.

"हे असंच ऊन, असाच घाम. पण नशीब तेमचं, सिंह बसजवळ आला. अमारा साहेब तर दिवसभर सूतेला असतो, झोपेतून उठतच नाही."

तेवढ्यात झाडीतून सिंहीण बाहेर आली. गाइड मुकुंदरावांच्या खांद्यावर थाप मारत ओरडला, "उतारो साहेब, उतारो! जल्दी!"

मुकुंदराव आज्ञाधारक माणूस. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागले.

भारतीबाईंनी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं. गाइडनं कपाळाला हात लावला. सिंहिणीनंसुद्धा वळून पाहिलं असं मुकुंदराव पुढे शपथेवर सांगत.

"अहो, तोच म्हणाला उतरा!"

भारतीबाई मात्र पोट धरून हसत होत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मुकुंदराव, तुम्ही आत्ता अर्धी केस सोडवलीत. बाकीची अर्धी चिमाबाईंनी आधीच सोडवली आहे."

"मी? काय केलं मी?"

"जिवंत राहिलात हे पुष्कळ झालं. कट्ट्याची सभा बोलवा."

रविवारी सकाळी नारायणरावांच्या कारखान्याचं सभागृह भरलं. ग्रुपवर महिनोन्महिने तोंड न उघडणारी मंडळीही आली होती. भांडण म्हटलं की माणसं येतात, फुलांच्या फोटोंना येत नाहीत. वरुण पहिल्या रांगेत होता, ममता आणि चिमाबाई शेवटच्या.

"माफी असेल तर लवकर उरका," नारायणराव म्हणाले.

"माफी होणार आहे," भारतीबाई उभ्या राहिल्या. "कोणाची ते ठरायचंय. रमाकांतभाऊ, ममताचा हा निरोप ऐका आणि काय म्हणतेय ते सांगा."

निरोप वाजला. रमाकांतभाऊ बुचकळ्यात पडले. "यात कसली कबुली? ती सांगतेय की वरुणच्या शेजारी बसून शूट तिनंच केलं."

"शूट?" नारायणराव उठले. "उतारला म्हणतेय ती! परीक्षेत दुसऱ्याचा पेपर उतरवतात तसा."

"तुमच्या पुण्यात तसं असेल, साहेब," रमाकांतभाऊ म्हणाले. "इथे गुजराती बोलीनं आम्ही सगळेच व्हिडिओ उतारतो, म्हणजे काढतो. माझ्या पाटीवरही तेच लिहिलंय."

"मुकुंदरावांना गाइड व्हिडिओ काढा म्हणाला आणि हे सिंहापुढे उतरायला निघाले," भारतीबाई म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला. "त्यांचा जीव वाचला. या मुलीची नोकरी मात्र त्याच एका शब्दापायी जायची होती. ती पहिल्यापासून खरं सांगत होती आणि तुम्ही त्याला कबुली म्हणत होतात."

नारायणराव हळूच खाली बसले.

"पण शब्दावरून व्हिडिओ तिचा ठरत नाही," वरुण म्हणाला. त्याचा आवाज अजून शाबूत होता.

"अगदी बरोबर. रमाकांतभाऊ, तुमचा कॅमेरा सकाळपासून या एसीत आहे ना? गॅलरीत जा आणि झाडाचा एक फोटो घ्या."

रमाकांतभाऊ बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, काचेवर वाफ धरली! सगळं पांढरं दिसतंय!"

"हाच तो 'धुक्यातला राजा'," भारतीबाईंनी वरुणचा फोटो पडद्यावर लावला. "त्या दिवशी रणरणतं ऊन होतं. धुकं जंगलात नव्हतं, लेन्सवर होतं. गारठलेला कॅमेरा यांनी सिंह समोर आल्यावर गरम दमट हवेत काढला. ही चूक फोनवाला करूच शकत नाही, कारण फोनचे एवढे लाड कोण करतं? ममताचा फोन बसमध्ये तिच्या घामट हातातच होता."

त्यांनी शेजारी व्हिडिओतली जांभई लावली.

"तेच झाड, तीच जाळी, तीच जांभई. चिटणीस स्वतः म्हणाले, फोटो घेतला आणि लगेच व्हिडिओ. एकाच जांभईच्या वेळी एकच कॅमेरा आंधळा आणि डोळस कसा असेल?"

मुकुंदरावांनी आपण तीनदा दिलेली वाहवा मनातल्या मनात परत घेतली.

"पण भुंगा!" वरुण म्हणाला. "तो मी डोळ्यांनी पाहिला."

"मीही तुमच्या तोंडून ऐकलं, काळाभोर होता म्हणून. मुकुंदराव, फोनची घंटी बंद करा आणि त्यावर व्हिडिओ चालू करा."

मुकुंदरावांनी फोन नारायणरावांकडे रोखला. भारतीबाईंनी आपल्या फोनवरून त्यांना रिंग दिली. मुकुंदरावांच्या हातात फोन थरथरला, त्यांनी घाईघाईनं कॉल उचलला आणि चित्रीकरण तुटलं. मग ती क्लिप सभागृहाच्या स्पीकरवर लागली.

नारायणराव भांबावलेले. मग घर्र घर्र. मग चित्र तुटलं.

"भुंगा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह उसळलं.

"चिमाबाईंनी केलेला फोन," भारतीबाई म्हणाल्या. "लेकीनं सिंहासमोर उचलला आणि व्हिडिओ तिथेच संपला. वरुणराव, तुमचा कॅमेरा लाखमोलाचा असेल, पण त्याला कोणाच्या आईचा फोन येत नाही."

ममता पहिल्यांदाच बोलली. "मला वाटलं त्या आवाजानं माझा व्हिडिओ बिघडला. लाजेनं मी त्याचं बोललेच नाही. सगळे भुंगा भुंगा करत होते, मी काय सांगणार?"

"वर्षानुवर्षं सांगत आलो, फोननं असलं काही होत नाही," वरुण म्हणाला. "आणि माझ्या शेजारी तिनं ते केलं. माझा कॅमेरा आंधळा झालेला. मला सहन झालं नाही. ममता, चुकलो मी. व्हिडिओ तुझाच आहे."

नारायणराव शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले, आधी ममताला, मग चिमाबाईंना. "पोरी, मला माफ कर. मी ऐकलं, पण समजून घेतलं नाही. काम तुझं. आणि हा कट्टाही तूच चालव, आम्हा म्हाताऱ्यांना आता नवं काही दाखव."

"मग लाइनवरच्या पोरींना पण घेऊ का?" ममतानं विचारलं. "सगळ्याच उतारतात."

"घे!" रमाकांतभाऊ गरजले. "पण हात कसा धरायचा ते त्यांना मी शिकवणार. आणि त्या नवरीच्या मामालाही धरून आणा."

चिमाबाईंना रडू आवरेना. त्या डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

त्या आठवड्यात कट्ट्यावर सुप्रभातचे फोटो दिसेनासे झाले. खडोली, गलोंडा, सगळीकडून नवी माणसं आत आली. कोणी पत्र्यावर उड्या मारणारं माकड टाकलं, कोणी रोलरवरून सळसळत जाणारा कागद. लेन्सवरून पुन्हा भांडणं सुरू झाली आणि मुकुंदराव जेवण विसरून फोनला चिकटले.

गुरुवारी ममता सुरक्षाफिल्म काढायला तिच्याच कारखान्यात गेली. नीलेश नावाच्या ऑपरेटरची पॅकिंगची लाइन धडधडत होती. कालपर्यंत भोंगा वाजला की बसायचं आणि वाजला की उठायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

"दातेरी चाकांत बोट कसं अडकतं ते जवळून दाखवायचंय," ती म्हणाली. "लाइन बंद करा."

नीलेशनं नारायणसरांकडे पाहिलं. नारायणसरांनी ममताकडे बोट दाखवलं.

ममतानं हात वर केला आणि सगळी लाइन थांबली.