स्टेजखालच्या पाच पाली

स्टेजखालच्या खोलीत थर्माकोलचे बारा पांढरे डबे होते, तेवीस उशा होत्या, चिकटपट्टीची चार रिळं होती आणि सात पाली होत्या. दोन छताजवळ भिंतीवर. त्या हलत होत्या. पाच जमिनीवर, त्या हलत नव्हत्या.

आर्याने दारात उभं राहून टॉर्च फिरवला आणि पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

"पुरे झाली मोजामोज! श्रियाकडे बघ आधी!" क्षितिज म्हणाला.

त्याची दहा वर्षांची बहीण श्रिया दाराबाहेर भिंतीला टेकून धापा टाकत होती. ती पाच पायऱ्या उतरून एक रीळ उचलायला गेली होती, आणि वाकून ते उचलताच परत आली होती. सगळं मिळून एक मिनिटही झालं नव्हतं.

"मी धावले पण नाही," ती म्हणाली. "डोकं गरगरतंय, दादा. आणि सोडा प्यायल्यावर नाकात झोंबतं ना, तसं झोंबलं. तेही न पिता!"

आर्या तेरा वर्षांची, क्षितिज बारा. तिघंही सेंगकांग वस्तीतल्या एकाच ब्लॉकमधली, म्हणजे एकाच इमारतीतली. सप्टेंबरची आठवड्याची सुट्टी लागली होती आणि उल्कामावशीने त्यांना बॅनर रंगवायला बोलावलं होतं. उल्कामावशी म्हणजे आर्याची मावशी. पाया लेबारजवळच्या 'बॅनियन हिल अमेरिकन हायस्कूल'मध्ये ती चित्रकला शिकवायची, आणि तिचा मुलगा नील तिथेच नववीत होता. या शाळेला सुट्टी नव्हती, कारण तिथे होमकमिंगचा आठवडा चालू होता. जुने विद्यार्थी भेटायला येतात, मॅच होते, नाच होतो. सोमवारी सगळे पायजम्यात आले होते, मंगळवारी जुळे बनून, बुधवारी उलटे कपडे घालून.

"आमच्याकडे मोजे चुकीचे घातले तरी नाव लिहून घेतात, लाह!" क्षितिज सकाळी शेवटी इथलं नेहमीचं 'लाह' जोडत म्हणाला होता. "तुम्ही अभ्यास कधी करता रे?"

"गुरुवारी," नील गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता.

आज शुक्रवार होता. दुपारचे तीन वाजून सात मिनिटं झाली होती. डोक्यावर, स्टेजच्या लाकडी फळ्यांवर, बँडवाल्यांचा मोठा ढोल सरावात वाजत होता. ढुम्... ढुम्... ढुम्. प्रत्येक ठोक्याला खोलीच्या छतातून थोडी धूळ पडायची. जमिनीजवळ पांढरट धुकं होतं, घोट्यापर्यंत पोचणारं. ते हळूहळू सरकत होतं. खोलीत वारा मात्र नव्हता.

"नीलदादा!" आर्याने जिन्यावरून येणाऱ्या नीलला थांबवलं. "या उशा कशाला?"

"आमच्यासाठी! नववीची परंपरा आहे. साडेतीनला आम्ही तेवीस जण खाली जाऊन जमिनीवर बसायचं. दिवे बंद. बारावीवाले दार बाहेरून लावतात. वीस मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. मग दार उघडलं की वर धावायचं आणि कागदी बॅनर फाडून मैदानात!"

"आणि कुणाला बरं वाटलं नाही तर?"

"तर गप्प बसायचं. पहिला ओरडेल तो वर्गाचं नाक कापेल. चार वर्षं चिडवतील त्याला." नील हसला. "गेल्या बारा वर्षांत कोणी ओरडलं नाही, मॅडम!"

आर्या हसली नाही. "ते डबे पण दर वर्षी असतात?"

"छे! ते यंदाचं. शैलेंद्रकाकांची आयडिया. ड्राय आइस! आम्ही धुरातून बाहेर येणार."

नील निघून गेला. आर्याने पाठीवरची सॅक काढली. 'वर्गातली हवा आणि जांभया' या शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर तिच्याकडे होता. साबणाच्या वडीएवढा. बाहेरच्या हवेत तो चारशे वीसच्या आसपास आकडा दाखवायचा.

"आत जायचं नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही. क्षितिज, बॅनरची लांब काठी दे."

काठीच्या टोकाला रिबिनीने मीटर बांधून तिने तो दारातून आत धरला. एक मिनिट थांबली. दोन हजार तीनशे. मधल्या पायरीच्या उंचीवर सात हजार आठशे. जमिनीजवळ टेकवल्यावर आकडा गेला आणि दोन अक्षरं लुकलुकायला लागली.

"हाय?" श्रिया म्हणाली. "आपल्याला हॅलो म्हणतोय?"

"नाही. इंग्रजीतलं हाय, म्हणजे जास्त. दहा हजारांपुढे त्याला मोजता येत नाही," आर्या हळू आवाजात म्हणाली. "ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचतो. वरच्या पाली जिवंत आहेत, खालच्या मेल्या."

"आणि नीलदादा जमिनीवर बसणार," क्षितिज म्हणाला. ढोल थांबला होता. आर्याने काठी बाहेर ओढली आणि तिघं वर हॉलकडे निघाली.

शैलेंद्रकाका हॉलमध्ये फुगे मोजत होते. ते पालक समितीचे अध्यक्ष. बँकेत रिस्क विभाग सांभाळायचे.

"काका, खालची हवा विषारी झालीये! हा आकडा बघा!"

"अगं, बर्फच तो! काल रात्रीच आणून ठेवलाय. धूर वर जाऊन फायर अलार्म वाजू नये म्हणून मी स्वतः खोलीच्या हवा जायच्या सगळ्या जाळ्यांवर चिकटपट्टी लावली. एवढी काळजी घेतलीये!"

"जाळ्या बंद केल्या?" आर्याचा आवाज चिरकला.

"तुझं ते खेळणं बिघडलंय, बेटा. आणि परंपरेच्या मध्ये यायचं नसतं. चला, पळा!"

तीन वाजून एकोणीस. मावशीचा फोन कोणी उचलेना. ती मैदानावर, लाउडस्पीकरखाली. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजायला लागली. तोंडावर निळे पट्टे ओढलेली बारावीची मुलं नववीच्या मुलांना रांगेत आणत होती. सगळे गप्प. रांगेत तिसरा नील होता.

"नीलदादा, जाऊ नकोस!" आर्या ओरडली.

नीलने ओठांवर बोट ठेवलं. परंपरा सुरू झाली होती. आता तो काहीच ऐकणार नव्हता.

"बोलून उपयोग नाही," क्षितिज कुजबुजला. "बॅनर नसेल तर ते फाडणार काय?"

आर्याने त्याच्याकडे पाहिलं. "श्रिया, तुला बरं वाटतंय? तू गेटवर जा. सिक्युरिटीच्या मुत्तू अंकलना आण. कोणी आत उतरायचं नाही म्हणून सांग!"

भिंतीला टेकवलेला सहा मीटरचा कागदी बॅनर एका बाजूने तिने धरला, दुसऱ्या बाजूने क्षितिजने.

"नववीचा बॅनर पळवला!" क्षितिज गळा फाडून ओरडला. "नववी ढ! नववी भित्री! कॅन'ट कॅच अस, लाह!"

 मग तेवीस जणांची रांग तुटली! "पकडा त्यांना!" म्हणत ती मुलं जिना चढून मागे धावली, आणि त्यांच्या मागे बारावीवाले. जिमखान्यापाशी बॅनर फाटला. तरीही दोघं पळतच राहिली आणि थेट मैदानात उल्कामावशीच्या पुढ्यात कोसळली.

"आर्या! काय चाललंय हे?"

"मावशी, आधी मोज," आर्या धापा टाकत म्हणाली. "नववीची किती मुलं आहेत, मोज!"

मावशीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मोजलं. "बावीस."

तेविसावा कोण?

"अनिमेष!" नील ओरडला. "तो सगळ्यात पुढे होता. तो खाली गेलाय!"

ते परत पोचले तेव्हा दाराबाहेर जमिनीवर अनिमेष बसला होता. चेहरा पांढराफटक, ओठ निळसर. शेजारी मुत्तू अंकल दाराला पाठ लावून उभे होते आणि श्रियाने दोन्ही हातांनी अनिमेषची बाही घट्ट धरली होती.

"तळाशी जाऊन कसाबसा वरून दुसऱ्या पायरीवर आला होता," श्रिया म्हणाली. "मी बाहेरूनच ओढलं. अंकलनी मला ओढलं."

"मला ओरडायचं होतं," अनिमेष हळूच म्हणाला. "पण परंपरा..."

शैलेंद्रकाका धावत आले. त्यांनी टॉर्च आत मारला. पाली दिसल्या.  त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण घाम पुसला नाही. "आर्या," ते म्हणाले, "ते खेळणं मला पुन्हा एकदा दाखवशील?"

मुत्तू अंकलनी बोलावलेली फायर ब्रिगेड आली. मुखवटे घातलेल्या जवानांनी डबे बाहेर काढले, जाळ्यांवरच्या पट्ट्या ओढून काढल्या, मोठे पंखे लावले. मुख्याध्यापिकेने माइकवर तिघांची नावं घेतली. तीनही चुकीची उच्चारली. फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्याने आर्याला विचारलं, "आत न जाता मोजायचं, हे कोणी शिकवलं?"

"पालींनी," आर्या म्हणाली.

नीलने फाटक्या बॅनरचा तुकडा क्षितिजच्या हातात दिला. "नववी भित्री काय रे?"

"अनिमेष सोडून बावीस जण," क्षितिज म्हणाला. "मोजून घे."

सहा वाजून दहा मिनिटांनी अधिकाऱ्याच्या परवानगीने आर्याने काठी पुन्हा आत सोडली. एक मिनिट थांबली आणि वहीत लिहिलं.

भिंतीवर पाली: दोन. जमिनीपासून दहा सेंटीमीटरवर: ४३६.