कोरी नळी

यातलं एकही अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार आहात.

काढा.

आणि भुताला रात्रच लागते असं कोणी सांगितलं? माझ्या बाबतीत हे दुपारी घडलं. लख्ख उजेडात.

२०१६ साल. दक्षिण तैवानमधली पोलिसांची एक प्रयोगशाळा, मी तिथे नोकरीला. चांद्र सातवा महिना चालू होता. मेलेले मोकळे सुटतात, तो महिना. मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. खाली अंगणात त्यांच्यासाठी नैवेद्याचं टेबल मांडलं होतं आणि आमच्या प्रमुख, येन मॅडम, जिन्यातून ओरडत होत्या.

"लियाव, खाली ये रे! उदबत्ती लाव. नाहीतर मशीन बंद पडलं की माझ्याकडे रडत येशील!"

"मशीनवर हिरवा पुडा ठेवलाय, मॅडम. ते शहाण्यासारखं वागतंय."

हसू नका. मशीनने कुरकुर करू नये म्हणून मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा आमच्याकडे प्रत्येक मशीनवर असतो.

मी खाली गेलो नाही. टेबलावर एक तपकिरी पाकीट होतं. एकोणीस वर्षं कोणी न उघडलेलं.

आत एका मुलीची कापलेली नखं होती.

तिचं नाव शू-यिन. वय बावीस. १९९७ साली ती मत्स्यतळ्यात मेलेली सापडली. तळ्यावर राबणाऱ्या मु-शुई नावाच्या माणसाला पोलिसांनी उचललं, तीन दिवस बडवलं आणि चौथ्या दिवशी त्याने 'मीच मारलं' म्हणून अंगठा दिला. कोर्टात तो ओरडून सांगत होता की हे मारून वदवून घेतलंय. कोण ऐकतो?

जन्मठेप.

आता त्याची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. त्याची थोरली बहीण आ-बान कोर्टाच्या पायऱ्या झिजवून म्हातारी झाली, तेव्हा कुठे हुकूम निघाला... जुना तपास पारखून बघा, डीएनए करा.

ती दर मंगळवारी आमच्या फाटकाशी बसायची. एकदा मला अडवून म्हणाली, "साहेब, सुटला नाही तर नाही. पण खुनी म्हणून मरू नये हो माझा भाऊ."

मी जुनी फाईल वाचली आणि माझं डोकंच फिरलं. नखं जपून ठेवली, पण तपासायला पाठवलीच नाहीत. घटनास्थळाचे फोटो थेट बाराव्या क्रमांकापासून सुरू.

पहिले अकरा कुठे गेले?

असो. मी नखांचा अर्धा भाग घेतला, अर्धा राखून ठेवला. हातमोजे, टोपी, तोंडाला फडकं, सगळं चोख. सोबत कोरी नळी लावली. कोरी म्हणजे तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. कुठून घाण शिरली तर ती या नळीत दिसते. काही दिसता कामा नये. तिचं कामच ते.

मशीन सुरू केलं.

तेवढ्यात... टप्.

मी नळाकडे पाहिलं. नळ बंद होता.

टप्... टप्...

बेसिन कोरडं ठणठणीत. आवाज माझ्या पाठीमागून येत होता. आणि वास. साचलेल्या तळ्याचा, शेवाळाचा. तिसऱ्या मजल्यावर, बंद काचेच्या खोलीत!

मी वळलो.

कोणी नव्हतं.

निकाल आला तेव्हा येन मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. नखांखाली पुरुषाचा डीएनए होता. मु-शुईचा नाही. आनंदाने माझ्या तोंडून शिट्टी निघाली.

पण स्क्रीनवर लाल खूण लुकलुकत होती. आमच्यापैकी कोणाची चुकून थुंकी उडाली तर कळावं म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांचे नमुने मशीनला माहीत असतात. त्यातला एक जुळत होता.

माझा.

"तरी म्हणते, काम करताना बडबड नको!" मॅडम कडाडल्या. मग त्या स्क्रीनकडे वाकल्या. त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं. कोऱ्या नळीच्या.

तिथे एका बाईचा पूर्ण डीएनए होता.

शू-यिनचा.

"पाण्यात बाई कुठून आली रे?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

मी दुसऱ्या खोलीत गेलो. नवी बाटली, नवी नळी, नुसतं पाणी. नखं जवळपासही नव्हती.

पुन्हा तीच... शू-यिन.

"फेकून दे सगळं," मॅडम म्हणाल्या. "लिही, नमुना दूषित, निष्कर्ष नाही."

"मॅडम, तो माणूस आत मरेल."

"मग काय लिहू? कोऱ्या नळीत भूत आलं?"

मी रिपोर्ट लिहायला बसलो आणि माझा हातच थांबला. माझ्याशी जुळलेला भाग फक्त पुरुषाकडे असतो. तो बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा येतो. म्हणजे तो माझा असेल... किंवा माझ्या बाबांचा. त्यांना भाऊ नाही. १९९७ साली मी नऊ वर्षांचा होतो.

आणि बाबा त्या तळ्याच्याच गावच्या चौकीत हवालदार होते.

मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. स्वतःच्या बापावर संशय? पण एकदा शिरला की तो निघतोय थोडाच.

रविवारी सकाळी घरी गेलो. बाबा ओट्यावर पेरू चिरत बसले होते. पेरूवर आलुबुखाराची पूड घालून त्यांनी माझ्यापुढे बशी सरकवली.

"वाळलास. मॅडम जेवायला देत नाही वाटतं?"

"बाबा, शू-यिन आठवते?"

सुरी थांबली.

"मी तिला झाकलं होतं," ते म्हणाले. मी काही विचारायच्या आत. "मेलेल्या माणसाने उघडं आभाळ बघू नये. माझा शर्ट काढून तिच्यावर घातला. साहेब खवळले, पुरावा बिघडवला म्हणाले. शर्ट दिसत होता ते फोटो त्यांनी फाडून टाकले. माझं काही त्या पाकिटात निघालं असेल तर ते तसं."

काय हायसं वाटलं सांगू! आमच्याकडचा कोणीही माणूस हेच करेल. मीसुद्धा शर्ट काढला असता. मी पेरूची फोड तोंडात टाकली.

मग ती बाहेर काढून बशीत ठेवली.

शर्ट वरून घातला होता. त्यांचं काही नखांच्या आत कसं गेलं? आणि फाईलमध्ये त्यांची ड्युटी मी वाचली होती. प्रेत शवागारात नेल्यानंतर हवालदार लियाव तळ्यावर पोचले, असं साहेबांच्या सहीनिशी लिहिलं होतं.

"बाबा, तुम्ही पोचलात तेव्हा ती तिथे होती?"

त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली.

मी खिशातून कापसाची काडी काढली. "गालाच्या आतून फिरवायची."

"आपल्या बापाला?" ते म्हणाले. पण मग त्यांनी निमूट तोंड उघडलं.

मी काडी आत घातली आणि मला तो वास आला. शेवाळाचा...

या वेळी मॅडम स्वतः मशीनपाशी उभ्या राहिल्या. मला हात लावू दिला नाही. तीन नळ्या. नखांचा उरलेला अर्धा भाग, बाबांची काडी आणि कोरी नळी.

कोरी नळी कोरी निघाली. पहिल्यांदाच. स्वच्छ.

नखांखाली तोच पुरुष. मु-शुई नाही. आणि मी खोलीतसुद्धा नव्हतो, तेव्हा माझी थुंकी वगैरे भानगडच संपली.

मग बाबांची काडी.

मॅडमनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "लियाव... काडी तूच फिरवलीस ना? त्यांच्याच तोंडात?"

"हो. का?"

"हा पुरुषच नाही रे."

शू-यिन होती. बाबांच्या तोंडातून आलेल्या काडीवर... नखशिखान्त तीच.

मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. माझं नाव, बापाचं नाव, काही लपवलं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेने साक्षीदारांसमोर बाबांची काडी घेतली. शू-यिन. मग रक्त घेतलं. शू-यिन. सरकारी वकील वैतागून म्हणाले, ज्या माणसाचा स्वतःचा नमुनाच मिळत नाही, त्याच्याशी काय जुळवू? बाबांची फाईल तिथेच पडून आहे.

मु-शुई सुटला. पाच आठवडे घरी राहिला, बहिणीच्या हातचं जेवला आणि गेला. खुनी म्हणून नाही गेला.

आ-बान मला भेटायला आली. माझे दोन्ही हात धरून ढसाढसा रडली. "साहेब, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. असा मुलगा वाढवला त्यांनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मी तो नमस्कार सांगितला. त्या रविवारी, जेवणाच्या टेबलावर. काडी दिल्या दिवसापासून बाबा कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. नुसते पाणी प्यायचे. ग्लासमागून ग्लास.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"सुटला ना तो?"

"हो, बाबा."

"मग तिला सांग ना..." आवाज त्यांचाच होता. माझा बाप माझ्यासमोर लहान मुलासारखा रडत होता. "तुझं ऐकते ती. तिला सांग, आता मला सोड म्हणून."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी दर महिन्याला तिच्या नावाने उदबत्ती लावतो. हात जोडतो. शब्द ओठांपर्यंत येतात.

अजून एकदाही ते बोललेलो नाही.