गाडीसोबत घरचं कोणीतरी

गाडी ट्रकवर चढवून गौहाटीला पाठवायची, एवढंच काम होतं. रुपरावकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ विश्वनाथ तिकडे बँकेत लागला होता आणि त्याला घरची काळी अँबॅसॅडर हवी होती. एवढ्या लांब स्वतः चालवत न्यायला त्याला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून काकांनी नागपुरातल्या इतवारीतली एक ट्रान्सपोर्ट कंपनी ठरवली. आई-बाबा गेल्यापासून मी काकांकडेच वाढले. नुकतीच बी.ए. झाले होते, एम.ए. करायचं होतं. काका म्हणत, "पोट्टीच्या जातीले एवढं पुरे." रोज तोच वाद, रोज तेच ताटावरून उठणं. त्या दिवशी मात्र ते आपणहून म्हणाले, "चाल वं तारा, माझ्यासोबत कंपनीत चाल. येताना तुझ्या कॉलेजाचं बोलू."

मी मूर्खासारखी त्याच अँबॅसॅडरमध्ये जाऊन बसले.

श्रावणातली दुपार होती, पण गोदामात दिवसासुद्धा अंधार. ओलं बारदान, सडके कांदे आणि कोपऱ्यातली कच्ची कातडी यांचा वास एकमेकांत मिसळून घशाला चिकटत होता. पायाखाली काहीतरी पचपचत होतं. काय ते मी पाहिलं नाही. कंपनीचा मुन्शी देवराव तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसला होता. बोलायच्या आधी तो शेजारच्या भिंतीवर थुंकला. भिंतीचा तेवढा भाग लाल राहिला नव्हता, काळा पडला होता, आणि ताजा ओघळ त्यावरून सावकाश खाली येत होता.

"ट्रक तं तयार आहे, भाऊ," तो काकांना म्हणाला. "गाडीसोबत कोण?"

"आणलं आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी अँबॅसॅडरची डिकी उघडून एक गाठोडं बाहेर काढलं.

माझी पिवळी साडी होती ती. आदल्या दिवशी अंगावरून काढून धुवायला टाकलेली. आत माझाच ब्लाउज, काखेत घामाचे डाग असलेला, चिंध्या कोंबून फुगवलेला. आणि वर डोक्याच्या जागी नारळ. त्या नारळावर केस थापले होते. खोबरेल तेलात भिजवून, दाबून, मधोमध भांग पाडून. माझ्या फणीतलं गुंतवळ सत्यवतीकाकू रोज उचलून न्यायची. मला वाटायचं, फेकून देत असेल.

काकांनी ते मागच्या सीटवर बसवलं, सुतळीनं बांधलं आणि डोक्यावर पदर ओढून दिला. किती मायेनं!

"हे काय आहे?"

"लंब्या रस्त्यानं गाडी रिकामी पाठवत नाहीत, बाई," देवराव म्हणाला. "सीट रिकामी दिसली का रस्त्यात कोणीतरी येऊन बसते. मंग ते उतरत नाही. त्याच्यापेक्षा मालकाच्या घरचंच कोणीतरी बसवून द्यावं."

"गाडी विश्वनाथची आहे. त्याचे कपडे बसवा. नाहीतर तुमचं धोतर बसवा ना, काका!"

"अवं, त्याले नोकरी आहे. मले दुकान आहे. घरात रिकामं कोण आहे? तूच ना?"

देवराव हसला. त्याच्या दातांच्या फटींतून सुपारीचा ओला भुगा दिसत होता.

मी दार उघडलं आणि ते ध्यान ओढून काढायला हात घातला. सीट गरम होती. कोणी फार वेळ बसून उठावं तशी गरम आणि दमट. आणि वास आला... माझा. आपल्या अंगाचा वास आपल्याला कधी येत नाही. तो मला त्या दिवशी समोरून आला, परक्या बाईचा यावा तसा. घाम, तेल, शिळी पावडर. मी हात सोडला आणि गोदामाच्या दारात जाऊन ओकले.

मागे वळले तेव्हा काकांनी गाडी कुलूपबंद केली होती. "शहाणी पोर आहे माझी," ते म्हणत होते. काचेकडे बघून.

गाडी ट्रकवर चढली. गल्लीतल्या खड्ड्यांत ट्रक हेलकावे खात निघाला. दोर हलत होते, ताडपत्री हलत होती, गाडी हलत होती. मागच्या काचेतलं ते डोकं मात्र हलत नव्हतं.

"आणि कॉलेजाचं?" मी परतताना रिक्षात विचारलं.

"पाहू," काका म्हणाले. "गाडी तं पोचू दे."

दुसऱ्या सकाळी उठले तेव्हा तोंडात डिझेलची चव होती. चूळ भरली, राखुंडी घासली, मीठ चोळलं, गेली नाही. फणी फिरवली तर दातांत तांबडी माती आली. न्हायले तर मोरीत गढूळ पाणी वाहत राहिलं, जणू मी रस्त्यावर लोळून आले होते. पाठ आवळून आली होती. आरशात पाहिलं तर कमरेपासून मानेपर्यंत शिवणीचे उभे वळ उठले होते, रेक्झिनच्या सीटवर असतात तसे. मी काकूला पाठ दाखवली. ती तांदूळ निवडत होती. "रोजची नाटकं," एवढंच म्हणाली.

मग एका दुपारी तिनं माझं ताट वाढलं नाही. रागावली असेल, असं समजून मी स्वतःच वाढून घेतलं. एकदा झाडताना तिचा झाडू माझ्या पावलांवरून गेला, पुन्हा गेला, आणि तिनं मान वर केली नाही. काकांशी मी भांडायला उभी राहिले की ते खिडकी लावून घेत. पूर्वी निदान ओरडायचे तरी. मी दात-ओठ खात होते. गप्प बसवायची ही नवी रीत काढली आहे, असंच मला वाटत होतं. ह्या घरातल्या मोठ्यांकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

आणि एका सकाळी माझ्या दाढेत काहीतरी टोचलं. बोट घालून काढलं. माशाचा काटा. त्याला पांढरं मांस चिकटलेलं, आणि मोहरीच्या तेलाचा उग्र दर्प. श्रावणात आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नाही. मी थुंकत राहिले, जिभेवरून पदर घासत राहिले. आत अजून होते. बारीक, मऊ झालेले.

मी तो काटा तळहातावर घेऊन काकूसमोर धरला.

काकूनं पाहिलं. काट्याकडे. माझ्याकडे नाही.

"गाडी पोचली वाटते," ती म्हणाली, आणि देवापुढे हात जोडायला गेली.

त्याच दिवशी दिवेलागणीला गौहाटीहून ट्रंक कॉल आला. काका रिसीव्हरमध्ये ओरडून बोलत होते. मी दाराशी उभी होते.

"विश्वनाथ, पोचली ना? ... बरी आहे? ... हाव, मासोळी खाऊ घाल, सवय होईन तिले ... गाडीतून उतरत नव्हती? मंग? ... उतरली का! बरं झालं, बापा. दे, तिले दे फोन."

"काका," मी म्हणाले, "कोणाशी बोलताय?"

त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा चेहरा असा निवला होता जसा माझ्यासाठी कधी निवला नाही. "हाव वं माय... तिथंच एक पोरगा पाह्यला आहे विश्वनाथनं. चांगल्या घरचा आहे. तुले चालन ना?" ते ऐकत राहिले, मान डोलावत राहिले. मग काकूकडे वळून म्हणाले, "पाह्यलं का? किती समजदार झाली. उलटून बोलतच नाही."

मी रिसीव्हर हिसकावला.

"तारा मी आहे! मी इथे आहे, नागपुरात! मला लग्न करायचं नाही, मला शिकायचं आहे! कोण आहेस तू?"

तारेत खरखर झाली. मग ती थांबली, आणि आवाज आला. माझाच. फक्त जड, तुपकट, नुकतंच पोटभर जेवून बसल्यासारखा. मी शाळेत असतानाच सोडून दिलेल्या घरच्या बोलीत तो विचारत होता,

"काका... तिकडं कोण ओरडून राहिलं?"

काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. धोतराच्या सोग्यानं तो पुसला, माझी बोटं जिथे जिथे लागली होती तिथे तिथे. मग त्यांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी, सरळ माझ्या डोळ्यांत.

"कोणी नाही वं, पोरी," ते म्हणाले. "तू बोल."